सरांच्या हातचं भरीत

समाजशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला आमच्याकडे सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारतात. मला तो चाळीसगाव स्टेशनवर एका आबांनी विचारला होता. गाडीला उशीर होता, बाकावर आम्ही दोघंच. गाव कोणतं, नोकरी कुठे, पोरं किती, हे सगळं झालं. मग त्यांनी विषय विचारला. मी सांगितला. आबांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "कोणता समाजनं शास्त्र शे हाई?"

"सगळ्याच समाजांचं, आबा."

"बठ्ठास्नं?" मग खऱ्या काळजीनं म्हणाले, "मंग तुमले पगार कोन देस?"

पगार सरकार देतं. गेली वीसेक वर्षं मी तालुक्याच्या एका कॉलेजात हा विषय शिकवतो आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या व्यवसायातले अनुभव लिहा" म्हटलं, तेव्हा मी ओशाळलो. डॉक्टरकडे मेलेले आणि वाचलेले असतात, वकिलाकडे सुटलेले आणि अडकलेले असतात. माझ्याकडे पास झालेले असतात, आणि तेही बहुतेक माझ्याशिवाय झालेले. तरी एक प्रकरण आहे. त्यात कोणी मेलं नाही, पण एका मुलीचं शिक्षण जवळजवळ बुडालं होतं. बुडवणारा मी होतो, आणि ते मी तोंडात घास असताना केलं.

त्याआधी आमच्या धंद्याबद्दल थोडं सांगतो.

हा विषय अवघड नाही, हेच त्याचं दुखणं आहे. रसायनशास्त्राचा मास्तर पोरांना ठाऊक नसलेलं काहीतरी सांगतो. मी त्यांना चालायला लागायच्या आधीपासून ठाऊक असलेलं सांगतो, फक्त त्याला नाव देतो. घरी पाहुणा आला की पोरगी पाणी आणते आणि पोरगा पाहुण्याशेजारी बसतो. याला आम्ही भूमिका म्हणतो. हे त्यांना कोणी शिकवलं ते आठवत नाही, याला सामाजीकरण म्हणतो. आणि असं केलं नाही तर आजी ज्या नजरेनं बघते, तिला सामाजिक नियंत्रण म्हणतो. आमच्या वर्गात मुली दाराजवळच्या रांगेत बसतात, मुलं खिडकीकडे. असा नियम कॉलेजचा नाही. दर वर्षी पहिल्या तासाला मी विचारतो, "तुम्ही इकडेच का बसता?" मुली म्हणतात, "सर, तिकडे मुलं बसतात." मुलांना विचारायला मुलं नसतात. ती पोलीस भरतीसाठी मैदानावर पळत असतात.

आमच्याकडे येणारी गिऱ्हाइकंही वेगळी. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांचा फोन आला. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं स्थळ त्यांच्या मुलासाठी आलं होतं. "तुम्ही समाजाचा अभ्यास करता, तर जरा पोरीची माहिती द्या." मी उत्साहानं सांगितलं, मुलगी फार हुशार आहे. ते म्हणाले, ते कळलं, पण वागायला कशी आहे? मी म्हणालो, "उत्तम. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न तीच विचारते." मग "बरं, बघू," म्हणून फोन ठेवला गेला. ते स्थळ मोडलं. मुलीची आई मला बाजारात भेटली, तेव्हा वांगी उलटीपालटी करत तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. तेव्हापासून असा फोन आला की मी सगळ्याच मुलींबद्दल एकच सांगायला लागलो, "शांत आहे." वर्गात लिंगभाव शिकवायचा आणि फोनवर "शांत आहे" म्हणायचं, अशी माझी दोन पाळ्यांची नोकरी बरीच वर्षं बिनबोभाट चालली.

महिला दिन मीच घडवून आणायचो. एका वर्षी व्यासपीठावर आम्ही सात पुरुष आणि एक समई होतो. समई पेटवायला एका भगिनीला वर बोलावलं. ती समई पेटवून खाली गेली. खुर्च्या मी मांडल्या होत्या. मोजताना मला काहीच वावगं वाटलं नाही. उलट एक खुर्ची कमी पडली म्हणून मी धावपळ केली.

तर असा मी. एका प्रशिक्षणवर्गात मला एक युक्ती मिळाली. विद्यार्थ्यांना रूढी समजावून सांगू नका, त्यांना एखादी लहानशी रूढी मोडायला लावा. कोणाचा अपमान नको, कोणाला धोका नको. घरात रोज घडतं त्याच्या उलट एक गोष्ट करायची आणि काय होतं ते वर्गात येऊन सांगायचं. मी हा प्रयोग सुरू केला आणि आमच्या विभागाला एकदम रंग चढला.

एका मुलानं पहाटे उठून अंगणात सडा टाकला आणि रांगोळी काढली. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. त्याच्या मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. "कितला गुणना पोऱ्या!" रांगोळीचा फोटो भावकीच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. त्याच आठवड्यात एका मुलीनं पाहुणे आल्यावर जागेवरून उठायचं नाही असं ठरवलं. ती बसून राहिली. आईनं दोनदा खुणावलं, मग कपाळाला हात लावून ताप बघितला, आजीनं मीठ-मोहरीनं दृष्ट काढली आणि संध्याकाळी तिला दवाखान्यात नेऊन रक्त तपासलं. मलेरिया निघाला नाही. मी फळ्यावर लिहिलं: मुलानं मोडलेला नियम गुण ठरतो, मुलीनं मोडलेला आजार. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, समाजशास्त्राला एक सिद्धांत दिला.

योगिता तेव्हा तिसऱ्या वर्षाला होती. चाळीसगावहून धुळ्याकडे जाताना रस्ता सोडून आत तिचं गाव आहे. वडील हिलालभाऊ, बागायतदार, बोलायला मोकळे. योगिताला धुळ्याला वसतिगृहात राहून एम.ए. करायचं होतं. हिलालभाऊंनी हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. "हिवाळा जाऊ दे, मंग पाहूत," एवढ्यावर गाडी थांबली होती. आणि आमच्याकडे "पाहूत" हा मोठा शब्द आहे; त्यावर पोरी वर्षभर अभ्यास करतात.

तिनं प्रयोगासाठी जे निवडलं, ते ऐकून मी खुर्चीत पुढे सरकलो.

"सर, आमच्या घरात आप्पा पाण्याचा पेलासुद्धा स्वतः घेत नाहीत. पण वर्षातून तीन-चारदा शेतात स्वयंपाक करतात. भरीत. तिथे बायकांनी यायचं नसतं. मी तिथे जाऊन भरीत करणार."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. हिवाळ्यात आमच्याकडे भरीत पार्ट्या होतात, मळ्यात, विहिरीजवळ. हातभर लांबीची हिरवी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, सोलतात आणि बडजीत, म्हणजे लाकडाच्या खोल भांड्यात, मुसळीनं ठेचतात. मग मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबरं, कांद्याची पात. हे सगळं पुरुष करतात, आणि असं करतात की बघत राहावं. वांगं कोणत्या बाजूला फिरवायचं यावर भावाभावांत अबोला धरलेला मी पाहिला आहे. मात्र सोललेला लसूण, निवडलेली मिरची, भाजलेले दाणे आणि टोपलंभर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या घरून पिशव्यांतून येतात. त्या कोण भरतं, हे मळ्यात कोणी विचारत नाही. विहिरीला पाणी कुठून येतं, हे तरी कोण विचारतं?

मी तिला प्रोत्साहन दिलं. ते नुसतं तिच्यासाठी नव्हतं, हे इथे लिहून टाकतो. एका चर्चासत्रात मला निबंध वाचायचा होता आणि माझ्याकडे विषय नव्हता.

हिलालभाऊंनी मलाही बोलावलं होतं. पंचवीस-तीस माणसं जमली होती. जाळ नुकताच धरला होता, तेवढ्यात बांधावरून स्कूटी आली. योगिता आणि तिच्या दोन चुलत बहिणी. ती सरळ वडिलांसमोर येऊन उभी राहिली.

"आप्पा, आज मी करते."

"काय?"

"भरीत."

बडजी धुणारे एक काका थांबले. "पोरी, हाई तुना कालेजनं काम शे का?"

"हो काका, कॉलेजचंच."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी विहिरीकडे पाहिलं.

"धूर डोयामा जाई, काळी पडशी. मंग कोन लगीन करी तुनासंगे?" काका म्हणाले.

"घरच्या चुलीचा धूर गोरा असतो का हो काका?"

हशा झाला. हिलालभाऊंना पाहुण्यांसमोर लेकीवर रागवायचं नव्हतं आणि सरांसमोर तर मुळीच नाही. ते जाळापासून बाजूला झाले. "कर. पन मीठ इसरू नको."

तिनं वांगी भाजली. निवायची वाट न बघता बोटांनी सोलली. मग ओढणी कमरेला बांधून मुसळी धरली. पुरुष तिच्याभोवती हात लोंबते सोडून उभे होते. मी अगदी बारकाईनं बघत होतो. आता राग येईल, आता कोणी टोमणा मारेल, आता सामाजिक नियंत्रण सुरू होईल. तसं काही झालं नाही. एक जण खाटेवर बसला. मग दुसरा बसला. मग कोणीतरी खिशातून पत्ते काढले.

केळीच्या पानांवर भरीत पडलं आणि बोलणं बंद झालं. इतकं चांगलं भरीत त्या मळ्यात झालं नव्हतं, हे सगळ्यांना एकदमच कळलं. पहिला घास उतरल्यावर तेच काका म्हणाले, "चाला, सुटनूत! आते पोरीच करतीन, आपन बठूत."

आणि मी बोललो. कोणी विचारलं नव्हतं. तोंड भरलेलं होतं, आनंद झाला होता, माझा प्रयोग यशस्वी झाला होता. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हिलालभाऊ, ही पोरगी ज्या घरात जाईल ना, त्या घराचं सोनं होईल!"

वीस वर्षं लिंगभाव शिकवणारा माणूस. दुसरं वाक्य मला येत नव्हतं असं नाही, पण भरल्या तोंडी जे येतं ते घरातलंच येतं.

माझ्या डाव्या हाताला लोटननाना बसले होते. नरडाण्याकडचे, हिलालभाऊंचे लांबचे पाहुणे. माझंही मूळ गाव तिकडचं, म्हणून ते मला ओळखायचे. त्यांचा मुलगा नरडाण्याच्या एमआयडीसीत नोकरीला होता आणि त्याच्यासाठी ते मुली बघत होते. त्यांनी घास थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

त्यानंतरच्या रविवारी त्या गावात दुसरी पार्टी झाली. "योगिताले बलावा." त्याच्या पुढच्या रविवारी तिसरी. पुरुषांनी जाळ धरायचं सोडलंच. आधी पोरींनी केलं, मग पोरींच्या आयांनीही यायचं असं ठरलं, कारण बडजी जड असते. घरून पिशव्या पूर्वीसारख्याच यायच्या, आता पिशव्यांबरोबर बायकाही यायच्या. पुरुषांच्या वाट्याला वर्षातून तीन-चार दिवस जे काम होतं, तेही आम्ही दोघांनी, मी आणि योगितानं, त्यांच्या अंगावरून उतरवलं होतं.

पौष सरल्यावर एक दिवस योगिता विभागात आली. हाताला मुसळीचे फोड होते.

"सर, निष्कर्ष काय लिहू?"

"काय झालं ते लिही."

"मी नियम मोडला, तर माझं लग्न ठरायला लागलं. हे लिहू?"

लोटननानांकडून निरोप आला होता. मुलगी पसंत आहे, फक्त रीत म्हणून बघायला येतो. एवढ्या माणसांचं शेतात उभं राहून करणारी सून त्यांना दुसरीकडे मिळणार नव्हती. हिलालभाऊ खूश होते. एम.ए.चं काय, विचारल्यावर म्हणाले होते, एम.ए. कुठे पळून चाललंय?

"आणि आप्पा म्हणतात, सरांनीच सांगितलं."

मी दुसऱ्या दिवशी हिलालभाऊंकडे गेलो. शिक्षणाचं महत्त्व, स्वावलंबन, बदलता काळ, जे जे मी परीक्षेत दहा गुणांना विचारतो ते सगळं बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, तुम्हीच सांगं ना सोनं व्हई म्हनून. इतला मानसं साक्षी शेतस."

"मी म्हटलं होतं, पण..."

"मंग आते काय बदलनं? तुमले पोरीबद्दल काही समजनं का?"

आता मी शब्द मागे घेतला असता तर गावानं म्हटलं असतं, सरांना काहीतरी कळलं असणार. कॉलेजच्या सरांना मुलीबद्दल काय कळतं, याची यादी गावाकडे तयारच असते. मी तिची स्तुती चालू ठेवली तर लग्न होणार होतं आणि थांबवली तर बदनामी. वर्गात मी समाजाला जाळ्याची उपमा देतो. ती किती बरोबर आहे हे मला त्या ओसरीवर चहा पिताना समजलं.

योगितानं मला फाटकापर्यंत सोडलं. तिथे ती म्हणाली, "सर, सगळ्या वर्गानं काही ना काही मोडलं. तुम्ही काहीच मोडलं नाही."

"मी काय मोडू?"

"लोटननाना पोहे नको म्हणालेत. बघायच्या दिवशीही भरीतच हवंय त्यांना. ते तुम्ही करा. मळ्यात नाही हं. आमच्या घरी, आत, चुलीपाशी."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. तिचं नाव मंगल, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिनं लसणाचे गड्डे माझ्यासमोर ठेवले. पहिल्या गड्ड्याला मला इतका वेळ लागला की तिची दोन्ही वेळची भाजी झाली. "या प्रयोगाची घरी शाखा उघडणार आहात, की तो फक्त बाहेरगावीच चालतो?" तिनं विचारलं. मी मान खाली घालून सोलत राहिलो. त्या आठवड्यात आमच्या घरातला लसूण माझ्याकडे आला. आजही आहे. यात माझं कौतुक नाही. एवढंच माझ्याकडे आलं आहे.

बघण्याच्या दिवशी ओसरीवर खुर्च्या मांडल्या होत्या. लोटननाना, त्यांचा मुलगा, दोन पाहुणे. लोटननानांशेजारची खुर्ची मानाची, ती मला. मी बसलो, पाणी प्यालो आणि उठलो. आयुष्यात इतकं जड काही उचललं नव्हतं. सरळ आत चुलीपाशी गेलो.

योगिताची आई वांगी भाजत होती. या घरी येता-जाता मी तिच्या हातचा चहा कितीदा प्यालो होतो, पण तिचा आवाज ऐकला नव्हता. ती गडबडून उठली. "सर, बाहेर बठा. लोके काय म्हनतीन?"

"लसूण द्या," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग ओसरीकडे पाहिलं, आणि परडी पुढे सरकवली. योगिता कोपऱ्यात चहाचा ट्रे धरून उभी होती. तिनं तो तसाच ओट्यावर ठेवला आणि रिकाम्या हातांनी बाहेर गेली. पुढचं सगळं मला आतून नुसतं ऐकू आलं.

"सर कोठे गयात?" लोटननानांनी विचारलं.

"आत आहेत. भरीत करताहेत." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती माझ्या खुर्चीवर बसली होती.

"सर? सोता?" आता होणार, असं मला वाटलं. चूल फुंकणारा मास्तर ज्या घरात आहे, तिथे कोण सोयरीक करेल? मग लोटननाना म्हणाले, "वा! केवढा मोठा मानूस, कितला साधा!"

माझा सिद्धांत माझ्याच अंगावर आला. मुलानं मोडलेला नियम गुण ठरतो, हे मीच तर फळ्यावर लिहिलं होतं. मी आत बसून काहीही मोडू शकत नव्हतो.

"नाना, एक विचारू?" योगिता म्हणाली.

"इचार ना बेटा."

"मला धुळ्याला राहून एम.ए. करायचंय. दोन वर्षं. मग नोकरी. चालेल?"

"लगीन व्हवावर कर ना. आमी कोठे नही म्हनतस?"

"मग घरचं रांधणं?" तिचा आवाज जरा वळला, बहुधा मुलाकडे. "तुम्हाला येतं का काही?"

मुलगा पहिल्यांदाच बोलला. "माझी शिफ्ट असते."

"मलाही असणार की."

चुलीपाशी योगिताच्या आईनं पदर तोंडाला लावला. हसली की घाबरली, हे मला कळलं नाही. मग आम्ही भरीत ठेचलं. म्हणजे तिनं ठेचलं आणि मी मुसळीला हात लावला. लोटननाना पोटभर जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "कळवतो."

आमच्याकडे "कळवतो" म्हणून गेलेल्या माणसानं आजवर कोणाला काही कळवलेलं नाही.

पाहुण्यांची गाडी वळणाआड गेल्यावर मी हिलालभाऊंसमोर उभा राहिलो. ते लेकीवर ओरडतील असं वाटलं होतं. ते माझ्याकडेच बघत होते. रंगकाम करताना भिंतीतली नेमकी चीर सापडावी तसं त्यांनी बोट ठेवलं. "सर, तुम्ही खुर्चीवरथून उठनात ना, तठेच चुकनं. तुम्ही बठेल राहतात तर ती कोठे बठती?"

वीस वर्षांत माझ्या विषयाचं इतकं सरळ आकलन एकाही उत्तरपत्रिकेत मला मिळालेलं नाही. त्या दिवशी मात्र मी मान खाली घालून घरी आलो.

पुढे जे झालं त्यात ना माझं श्रेय आहे, ना माझ्या शास्त्राचं. लोटननानांना नकाराचं कारण सांगणं भाग होतं. शिफ्टचं काही सांगता येईना, म्हणून त्यांनी चार ठिकाणी सांगितलं, "पोरगी भलती शिकेल शे, आमले झेपाव नही." ही बातमी आठवडी बाजारातून गावात आली. दोन स्थळं विचारायच्या आधीच मागे सरली. हिलालभाऊ काही दिवस कोणाशी बोलले नाहीत. मग एका सकाळी जेवता जेवता म्हणाले, इतकी शिकलेली म्हणून नाव झालंच आहे, तर निदान शिकू तरी दे. निकाल लागल्यावर ते स्वतः तिला धुळ्याला वसतिगृहात सोडून आले. जाताना त्यांनी तिला बजावलं की तिथे कोणासाठी भरीत करायचं नाही. हे मला तिनंच फोनवर सांगितलं.

माझा निबंध मी चर्चासत्रात वाचला. शीर्षकात "परिवर्तन" होतं. शेतातल्या पारंपरिक पुरुषी कामात स्त्रियांचा प्रवेश, असं मी मांडलं. अध्यक्षांनी पाठ थोपटली. प्रवेश झाल्यावर पुरुष कुठे गेले, असं एकानंही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. प्रमाणपत्र आमच्या विभागात टांगलं आहे.

गेल्या हिवाळ्यात हिलालभाऊंनी पुन्हा बोलावलं. राग निवला होता. मळ्यात गेलो तर एका अंगाला खाटा मांडलेल्या, त्यावर पुरुष पत्ते खेळत बसलेले. दुसऱ्या अंगाला जाळ, आणि तिथे गावातल्या बायका. बडजीपाशी योगिताची आई.

"या सर, या!" हिलालभाऊंनी खाटेवर जागा केली. "देखा, कसा बदल व्हयना! आते आमी वांगाले हातबी लावतस नही. बठ्ठं तुम्हनामुळे."

मी खाटेवर बसलो नाही. बडजीकडे गेलो. योगिताची आई ठेचत होती, घाम पुसायला हात मोकळा नव्हता.

"योगिता कशी आहे?" मी विचारलं.

"चांगली शे. परीक्षा शे म्हने." ती ठेचत राहिली. मग मुसळी न थांबवताच म्हणाली, "सर, तुमना तो प्रयोग संपना का?"

"संपला," मी म्हणालो. "केव्हाच."

"आमना चालूच शे."

मी खाली बसलो आणि परडीतला लसूण ओढला. ती म्हणाली, सोललेलाच आहे. मग मी तिच्या हातातली मुसळी मागितली. तिनं दिली. दोन-चार घाव घातले असतील नसतील, तोच खाटांवरून आवाज आला, "अरे, देखा, देखा! सर सोता!" दोन जण पत्ते टाकून धावत आले. एकानं मोबाइल काढला. "सर, अठे देखा. मुसळी वर धरा."

मी बघितलं. मुसळी वर धरली.

घरी पोचेपर्यंत तो फोटो गावाच्या ग्रुपवरून आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आला होता. खाली लिहिलं होतं, "सरांच्या हातचं भरीत." बत्तीस अंगठे आणि कितीतरी हार-फुलं. मंगलनं फोन हातात घेऊन बोटांनी फोटो मोठा केला. मी मधोमध आहे, हसतो आहे. डाव्या कडेला बांगड्या भरलेला एक हात आहे, मुसळी परत मागायला पुढे केलेला.

"हा कोणाचा?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. मग मला जाणवलं की मी "योगिताच्या आईचा" असं म्हणालो होतो. तिचं नाव मला माहीत नव्हतं.